साबुदाण्याची काडतुसं

यंदाचा एप्रिल कोरडा गेला. इथे आयर्लंडात सलग आठवडाभर ऊन पडलं की माणसं आभाळाकडे संशयाने बघायला लागतात. दुकानाच्या रांगेत मागे उभी असलेली बाई ओळखदेख नसताना सांगते, याची भरपाई करावी लागणार बघ. लहानपणी आम्ही भावंडं खिदळायला लागलो की आई म्हणायची, फार हसू नका, रडावं लागेल. तसाच हा प्रकार. बॉइन नदीच्या काठाने चालताना गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक झालेली दिसतात, आणि ऊन तापलं की त्यांच्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास सुटतो. इतरांना तो वास सुट्टीची आठवण करून देत असेल. मला मात्र तो नाकात शिरला की अपराधी वाटतं. आपण कुणाकडे तरी जायला हवं होतं आणि गेलो नाही, असं.

दोन हजार वीसचा वसंत असाच होता. जग आजारी होतं आणि आमच्या ड्रोहेडात रोज निळंभोर आभाळ. डब्लिनच्या सँट्रीतलं माझं ऑफिस बंद झालं होतं. वरच्या छोट्या खोलीत लॅपटॉप मांडून मी काम करायचो आणि पाचच्या ठोक्याला मागच्या बागेत येऊन बसायचो. मुग्धा, माझी बायको, इस्पितळाच्या लॅबमध्ये. ती घरी यायची ती मागच्या दाराने, कपडे थेट मशिनमध्ये टाकून वर अंघोळीला पळायची. तिच्या नाकावर मास्कचे वळ असायचे आणि माझे हात उन्हाने रापलेले. ती कधी काही बोलली नाही. मला मात्र ती आली की खुर्चीतून उठून उगाच काहीतरी आवरल्यासारखं करावंसं वाटायचं.

सासूबाई आमच्याकडे अडकल्या होत्या. वर्ध्याजवळच्या गावातून जानेवारीत लेकीकडे आल्या, थंडीने हैराण झाल्या, आणि परतीचं विमान रद्द झालं तेव्हा नेमकं ऊन पडायला लागलं. त्या रोज दुपारी बागेत कोपऱ्यातल्या शेडच्या भिंतीला पाठ टेकून बसायच्या, मांडीवर मटाराची नाहीतर लसणाची ताटली. भिंत उन्हाने तापायची, ती त्यांना आवडायची. बाकी इथल्या उन्हाला त्या ऊन मानायलाच तयार नव्हत्या. "हे काय ऊन होय, जावईबापू? आमच्याकडे याले चांदनं म्हनतेत."

ती शेड आमची नव्हती. ती शेजारच्या डेक्लनची. आमच्या आणि त्याच्या बागांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीला लागून त्याची पत्र्याच्या छपराची, विटांची जुनी शेड.

डेक्लन अठ्ठ्याहत्तरचा होता. बायको ब्रीडा वारून काही वर्षं झालेली, मुलगी नोरीन डब्लिनमध्ये, ब्युमॉन्टला राहणारी. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम होता आणि त्याला 'कोकूनिंग', म्हणजे कोषात बसणं, असं नाव दिलं होतं. जणू सगळे म्हातारे दार लावून बसले की फुलपाखरं होऊन बाहेर पडणार होते. बाकीच्यांना घरापासून दोन किलोमीटरची मुभा. नोरीनला त्यामुळे बापाकडे येता येईना. तिने मला फोन करून विचारलं, त्याचं सामान आणून देशील का, आणि काही वेगळं दिसलं तर मला कळवशील का. मी हो म्हणालो. दोन्ही गोष्टींना एकाच दमात हो म्हणालो.

मी त्याला नावाने हाक मारतो हे सासूबाईंना खपायचं नाही. बापाच्या वयाच्या माणसाला डेक्लन काय म्हणता, म्हणायच्या. त्या स्वतः त्याला 'डिकलनभाऊ' म्हणत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी येण्याचा प्रश्न नव्हता, पण भिंतीवरून थालीपीठ जायचं आणि उलट दिशेने रूबार्बचे लाल, आंबट देठ यायचे. त्या रूबार्बचं सासूबाईंनी लोणचं घातलं. डेक्लनने ते जॅमसारखं ब्रेडला फासून खाल्लं, आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना ग्रँड आहे, झकास आहे म्हणून सांगितलं.

काडतुसांचा विषय मीच काढला.

शाळेत मी एनसीसीत होतो. वर्षातून एकदा आम्हाला फायरिंगला न्यायचे. पुण्याबाहेर एक उघडा माळ, जमिनीवर गोणपाट, त्यावर पोटावर पालथं पडायचं. पॉइंट टू टू रायफलचा लाकडी दस्ता गालाला थंड लागायचा. श्वास अर्धा सोडायचा, तिथेच थांबायचं, आणि मग फक्त बोट. त्या अर्ध्या श्वासात मला जी शांतता मिळायची ती पुढे अभ्यासात मिळाली नाही, नोकरीत तर नाहीच. आयर्लंडला आल्यावर कळलं की तासाभराच्या अंतरावर उडत्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा क्लब आहे, आणि तिथे नवख्यांना क्लबची बंदूक मिळते. टाळेबंदीपूर्वी मी मोजक्या वेळा गेलो होतो. हौस महाग होती. एका सकाळी काडतुसांचे दोन डबे सहज उडायचे. आम्ही घरासाठी पैसे साठवत होतो आणि प्रत्येक ठो बरोबर मला एखादी वीट हवेत गेल्यासारखं वाटायचं. मग मी अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागलो. झाडलेली काडतुसं ही माणसं फेकत नाहीत; घरीच बुडाची ठिणगी पाडणारी टोपी बदलून, बंदुकीची दारू, मधला गट्टू आणि छर्रे भरून पुन्हा वापरतात. गॅरेजमध्ये, टीव्ही बघत. कमी पैशात सुरुवात कशी करावी यावर तासन्‌तास बोलणारी माणसं होती आणि मी तासन्‌तास ऐकणारा. इथे मात्र परवान्याशिवाय घरी हे करता येत नाही, तेव्हा ते सगळं माझ्यासाठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला वास होता.

हे मी डेक्लनला भिंतीवरून सांगितलं, तेव्हा त्याने शेडचं दार उघडलं. मग म्हणाला, आत ये, दार उघडं ठेव, आणि माझ्यापासून लांब उभा राहा.

शेडमध्ये तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास होता. एक जाड फळीचं टेबल, त्याला पक्की केलेली लोखंडी दांड्याची काही यंत्रं. तो म्हणाला, टोप्या काढायचं हत्यार प्रेसमध्ये आहे. मी ते टेबलावरचं दाबयंत्र उलटसुलट करून बघितलं. त्याला हसू आवरेना. आयर्लंडात प्रेस म्हणजे कपाट, हे मला चार वर्षांत शंभरदा कळलं होतं आणि नेमकं तेव्हा विसरलो.

ती हत्यारं त्याची आणि त्याच्या मोठ्या भावाची, फिंटनची. दोघं तरुण असताना हिवाळ्यात बॉइनच्या मुखाशी, जिथे नदी खाजणात पसरते, तिथे बदकं मारायला जायचे. काडतुसं विकत घेणं परवडायचं नाही, म्हणून रात्री चुलीपासून लांब, याच टेबलावर भरायचे. फिंटन भरायचा, डेक्लन काडतुसाचं तोंड बंद करायचा. नदीवर जाऊन चुकलेल्या प्रत्येक बाराचा दोष दोघं एकमेकांच्या भरण्याला द्यायचे. आईने बदकं सोलून सोलून वैतागून दोघांना घराबाहेर काढायची धमकी दिली होती. फिंटन जाऊन खूप वर्षं झाली होती. नंतर डेक्लनने कधी भरली नाहीत, पण हत्यारांना तेल देत राहिला. त्याच्याकडे दोन परवान्याच्या बंदुका होत्या, घरात पोलादी कपाटात. त्याही आता नुसत्या पुसायच्या.

पुढचे कितीतरी दिवस पाच वाजले की मी शेडच्या दारात उभा. तो टेबलाशी, मी उंबऱ्यावर. त्याच्याकडे क्लबात वेचलेल्या रिकाम्या काडतुसांची पोती होती, लाल, निळी, हिरवी. दारू नाही, टोपी नाही, खरं काहीच नाही, नुसता हाताला सराव, असं आमचं ठरलं होतं. छर्‍यांच्या जागी काय घ्यावं हा प्रश्न आला तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरातून वाटीभर साबुदाणा आणला. तो अगदी बरोबर बसला. डेक्लन एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघत राहिला आणि म्हणाला, याने बदक मरणार नाही, पण त्याचं पोट भरेल. माझी पाळी आली की तो मागे सरायचा, मी दांडा खाली ओढायचो, प्लॅस्टिकच्या तोंडाला सहा चुण्या पडायच्या, आणि एक गोरंगोमटं, घट्ट, निरुपयोगी काडतूस तळहातावर यायचं. पहिली सगळी वाकडी झाली. तो ती खिडकीत ओळीने उभी करायचा आणि मी सुधारतोय का ते बघायचा.

सासूबाईंना साबुदाण्याचं कळलं तेव्हा त्या मात्र चिडल्या. डब्लिनचं भारतीय दुकान आमच्या वर्तुळाच्या बाहेर होतं आणि पुढच्या चतुर्थीची खिचडी त्या वाटीत होती. "बह्याड झाले काय दोघंबी? खायच्या जिनसेले बंदुकीत भरून राह्यले." तरी त्या उठून दारात आल्या, एक काडतूस हातात घेऊन कानाशी हलवलं, आणि खुळखुळ्यासारखा आवाज ऐकून हसू दाबत परत गेल्या.

मी सुखात होतो. हे लिहिताना अजून संकोच वाटतो. रोज संध्याकाळी आकडे जाहीर व्हायचे, मुग्धाच्या लॅबमध्ये नमुन्यांचे ढीग, पुण्यात आई-बाबा दोघंच, आणि मी नऊपर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात एका म्हाताऱ्याकडून रिकाम्या नळकांड्या भरायला शिकत होतो. आईशी फोनवर माझं बोलणं पाच मिनिटांत संपायचं. जेवलात का, काळजी घ्या, ठेवतो. डेक्लनकडे मात्र बदकाच्या उडण्याच्या कोनावर मी तासभर ऐकायचो. नोरीनचा रात्री फोन यायचा. बाबा बोलतात तरी तुझ्याशी, माझ्याशी नुसतं ग्रँड म्हणतात, असं ती म्हणायची आणि माझे आभार मानायची. ते आभारही मी खिशात टाकायचो.

मेच्या शेवटाला चांगलंच तापलं. इथल्या मानाने तर फारच. शेडचा पत्रा दुपारभर तडतडायचा. एका संध्याकाळी मी दारात पोचलो आणि नाकाला काहीतरी झोंबलं. आंबट, तिखट, नाकाच्या मुळाशी चढणारा वास. डेक्लनला येत नव्हता. त्याचं नाक वयाबरोबर गेलं होतं. वास कपाटातून येत होता, त्याच त्या प्रेसमधून. मी विचारलं आत काय आहे. तो म्हणाला, जुनं काहीतरी. मी विचारत राहिलो, तेव्हा त्याने खालच्या कप्प्याचं दार उघडलं. मागे पत्र्याचे चार-पाच डबे होते. एकाचं झाकण वर उचललं गेलं होतं आणि कडेला तांबूस, गंजासारखी भुकटी साठली होती.

त्या अमेरिकन माणसांनी मला बाकी काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं होतं. जुनी दारू सडते. सडली की आंबट वास येतो, लाल भुकटी धरते, आणि उष्णतेने ती आपणहून पेटू शकते. डेक्लनला मी ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ते फिंटनचे डबे आहेत, म्हणाला. त्याने भरून ठेवलेले, झाकणावर त्याच्या हाताने लिहिलेलं. इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार.

"इतकी वर्षं असं ऊन नव्हतं, डेक्लन."

"हे नोरीनला कळलं तर ती पोलिसांना, गार्डांना बोलावेल. गार्ड आले की बंदुका जातील." तो कपाटाचं दार हळू लोटत होता. "बंदुका गेल्या की मी नुसता एक म्हातारा माणूस उरतो. तू काही बोलू नकोस."

मी मान हलवली. होकार होता की नुसतीच हलली, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. त्याने तो होकार समजला.

रात्री मुग्धाला सांगितलं. ती दमून पलंगावर आडवी झाली होती, ती उठूनच बसली. माझी आई रोज त्या भिंतीला टेकून बसते, ती म्हणाली. एवढंच. मी म्हणालो, उद्या त्याच्याशी परत बोलतो, तो स्वतःच कळवेल. दुसऱ्या दिवशी बोललो. तो विषय बदलून टोमॅटोंविषयी सांगायला लागला. सासूबाईंना मी खुर्ची हलवायला सांगितली. त्यांनी कारण विचारलं, मी कारण सांगितलं, आणि त्या खुर्ची घेऊन दुसऱ्या टोकाला, सावलीत जाऊन बसल्या. स्वेटर घालून. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की भिंतीपलीकडे जो माणूस राहतो त्याला खुर्ची हलवायला कोण सांगणार.

त्याच्या पुढच्या सकाळी मी भिंतीशी गेलो. तो बादलीने झाडांना पाणी घालत होता. मी म्हणालो, "डेक्लन, मी नोरीनला फोन करतोय. आत्ता. तुला न सांगता केला असं नको म्हणून सांगायला आलो." त्याने बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. बादली परत उचलून ज्या झाडाला पाणी घालून झालं होतं त्यालाच पुन्हा घालायला लागला. मी तिथेच, त्याच्या समोर, फोन लावला. निदान एवढं तरी त्याच्या देखत करावं असं वाटलं. आता वाटतं की तेही मी माझ्याचसाठी केलं.

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. आधी दोन गार्ड आले, डोकावून बाहेर गेले, मग सैन्याच्या स्फोटकं हलवणाऱ्या तुकडीची गाडी आली. आमच्या ओळीतल्या सगळ्यांना समोरच्या हिरवळीवर जायला सांगितलं. दोन महिने घरात कोंडलेले लोक खुर्च्या, थर्मास, कुत्री घेऊन बाहेर आले आणि एकमेकांपासून अंतर ठेवून गवतावर बसले. ऊन होतं. कुणीतरी आइस्क्रीम वाटली. जत्राच झाली. पलीकडच्या घरातला ट्रकवाला मला म्हणाला, शाबास तुझी, नाहीतर हा बाबा आपल्या सगळ्यांना घेऊन गेला असता. आणखी दोघातिघांनी लांबून अंगठा दाखवला. डेक्लन हिरवळीच्या कडेला एकटाच उभा होता. कुणीतरी दिलेल्या खुर्चीवर तो बसला नाही. त्याने अंगात चांगला कोट घातला होता, चर्चला जाताना घालायचा तो, आणि हात मागे बांधून तो आपल्या घराकडे बघत होता.

सासूबाई उठल्या. हातातला चहाचा पेला घेऊन, नियमाचं अंतर वगैरे न बघता, सरळ त्याच्याजवळ गेल्या आणि पेला त्याच्या हातात देऊन शेजारी उभ्या राहिल्या. मी माझ्या खुर्चीत बसून राहिलो. माझ्या आणि त्यांच्यामध्ये जेमतेम वीस पावलांचं गवत होतं.

संध्याकाळी डबे गेले, टेबलावरची हत्यारं गेली, आणि एका तरुण गार्डने फार अदबीने, सर म्हणत, दोन्ही बंदुका तूर्तास म्हणून नेल्या. त्या परत आल्या नाहीत. वय, एकटेपणा, झालेला प्रकार; परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. माझीही चौकशी झाली. मी जे होतं ते सांगितलं, साबुदाण्यासकट. लिहून घेणाऱ्या गार्डने साबुदाणा म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मला काही झालं नाही. नोरीन फोनवर रडली आणि म्हणाली, तू होतास म्हणून बरं. सैन्याच्या तज्ज्ञांनी तिला सांगितलं होतं की डबे त्या उन्हात फार दिवस टिकले नसते. म्हणजे मी केलं ते योग्यच होतं. याबद्दल कुणाचं, कधीच दुमत झालं नाही. याचंच मला ओझं झालं. चुकलं असतं तर माफी मागता आली असती.

सासूबाईंना मी एकदा बोलून दाखवलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "तुमी बरोबर केलं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पन बरोबर केलं म्हनून मानसाले बरं वाटतेच असं नाई. जाऊन बसा त्याइच्यापाशी."

मी गेलो नाही. म्हणजे गेलो, पण दारापर्यंत. सामानाची पिशवी पायरीवर ठेवायची, बेल वाजवायची, आणि तो यायच्या आत फाटकाबाहेर जाऊन तिथून हात करायचा. नियमही तसाच होता, सोयीचा. तो दारात यायचा, म्हणायचा, गुड मॅन, ग्रँड, आणि पिशवी उचलायचा. त्याचा आवाज सपाट होता आणि मी त्या सपाटपणाचा अर्थ लावून टाकला होता. त्याला माझं तोंड बघायचं नाही. बागेत तो दिसला की मी आत यायचो. शेडची खिडकी आता रिकामी होती. पाच वाजले की मी वरच्याच खोलीत बसायचो, काम संपलेलं असताना. सासूबाई मात्र रोज त्याच्या भिंतीशी जायच्या. त्यांच्या मराठीचा आणि त्याच्या इंग्रजीचा सूर मला वरपर्यंत यायचा; शब्द लागायचे नाहीत. पुढे पुढे तो हसायचासुद्धा. मी खिडकी लावून घ्यायचो.

ऑगस्टमध्ये सासूबाईंना विशेष विमानात जागा मिळाली. निघताना त्यांनी डेक्लनला वाकून नमस्कार केला आणि तो गोंधळून स्वतःच वाकला. त्या गेल्यावर भिंतीशी कुणी राहिलं नाही. सप्टेंबरमध्ये तो स्वयंपाकघरात पडला. खुब्याला लागलं नाही, पण नोरीनने ठरवलं की बास. तिने त्याला ब्युमॉन्टला नेलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग तशी सोडता आली असती. गाडी गेल्याचा आवाज मी ऐकला.

मग हिवाळा आला, आणि काउंटी, म्हणजे जिल्हा, ओलांडायची बंदी. त्या बंदीमुळे मला किती हलकं वाटलं हे सांगायलाही नको. सासूबाईंचा रविवारी फोन यायचा, आणि मुग्धाशी बोलून झालं की त्या मला द्यायला सांगायच्या. "डिकलनभाऊले भेटाले गेल्ते का?" मी म्हणायचो, बंदी आहे, आई. "फोन त बंद नाई नं?" मी म्हणायचो, करतो. पुढच्या वसंतात विदर्भात दुसरी लाट आली. आमच्या फोनवर रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी. सासूबाईंच्या शेजारच्या घरातली दोन माणसं एका आठवड्यात गेली. त्या स्वतः तापाने पडल्या, आणि आम्ही इथे फोनकडे बघत बसलो, काहीही करता न येणारे. ताप उतरल्यावर त्यांचा पहिला फोन आला. आवाज सुपारीएवढा झाला होता. मुग्धा रडत होती. त्यांनी मला द्यायला सांगितलं. मला वाटलं, काही निरवानिरवीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "मी पडली होती नं, त कोनीच आलं नाई घरात. लोकं भेत होते. मले समजते ते. पन मी दाराकडेच पाहून राह्यली होती, जावईबापू."

मेमध्ये काउंटी ओलांडायची परवानगी मिळाली त्या शनिवारी मी निघालो. नेमबाजीचा क्लबही सुरू झाला होता. त्याचा निरोप आला होता आणि मी तो न उघडता ठेवला होता. गाडीत मी इंग्रजीत वाक्यं जुळवत होतो. मला तुझा विश्वासघात करायचा नव्हता. दुसरा मार्ग नव्हता. अशी सगळी, लॅपटॉपवर लिहिलेल्या ईमेलसारखी.

नोरीनच्या घरामागे छोटं अंगण. डेक्लन उन्हात खुर्चीवर, गुडघ्यावर रग. तो फार वाळला होता. कॉलरमध्ये मान सैल हलत होती. नोरीन आम्हाला सोडून आत गेली. मी सगळी वाक्यं म्हटली. तो ऐकत होता, मधेच रगचा दोरा ओढत होता. माझं झाल्यावर म्हणाला, ते डबे जायलाच हवे होते. फिंटन असता तर त्यानेच मला शिव्या घातल्या असत्या. तू फोन केलास त्यात काही नाही, मीसुद्धा केला असता.

माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरायला लागलं. तेवढ्यात त्याने विचारलं, "मग तू यायचा का थांबलास?"

मी खरं तेच बोललो. "मला वाटलं, तुला मी नको असेन."

"नकोच होतास," डेक्लन म्हणाला. "तोंडसुद्धा बघवत नव्हतं तुझं. म्हणून काय यायचं नाही?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. रस्ता चुकलेल्याला रस्ता सांगावा तसं तो म्हणाला. तुझी सासू यायची, पुढे म्हणाला. तिचं एक अक्षर मला कळायचं नाही. ती मला रोज काय सांगायची कोण जाणे. पण चार वाजले की मी दाढी करून बसायचो.

मी मान खाली घातली. मला तो सबंध उन्हाळा दिसत होता. वरच्या खोलीत, लावलेल्या खिडकीआड, काही काम नसताना बसलेला मी, आणि खाली भिंतीपाशी दाढी करून उभा असलेला तो. सासूबाई गेल्यानंतरही तो चार वाजता दाढी करत असेल का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. अजून ते विचारलेलं नाही, आणि आता विचारता येणार नाही. तो पुढच्या हिवाळ्यात गेला.

पण त्या शनिवारी तो होता. नोरीनने दारातून विचारलं, तुला लगेच निघायचंय का, संध्याकाळी रस्त्याला गर्दी होते. मी डेक्लनकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, अंगणापलीकडच्या छपरावर बसलेल्या कबुतराकडे बघत होता. मी म्हणालो, नाही, मला घाई नाही. आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.